दिवादांडीवर दडलेला मगन

डुमसच्या समुद्रावर एक गोरं जोडपं मोटारीच्या पोटात बसून अंडी तळताना धुडकूने पाहिलं, आणि त्या दिवसापासून प्रमिलाच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. मोटारीत शेगडी होती, पलंग होता, खिडकीला फुलाफुलांचे पडदे होते. गोऱ्या बाईने धुडकूला हात केला, धुडकूनेही केला. एवढ्यावर आपली चांगली ओळख झाली, असं तो सांगत सुटला.

"चाकावरचं बिऱ्हाड, प्रमिला! वाटलं तिथं थांबायचं. घरमालक नाही, शेजारी नाही."

"आणि मोरी?" प्रमिलाने विचारलं.

मोरीचा विचार धुडकूने केला नव्हता. पण ज्याची बायको असले प्रश्न विचारते त्याला मोठी स्वप्नं कशी पडणार, असा चेहरा करून तो कारखान्यात निघून गेला.

धुडकू सुरतेच्या गोडादऱ्यातल्या एका लूमच्या कारखान्यात मास्तर होता. म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचा. मागांच्या खडखडाटात उभी हयात गेल्यामुळे तो साधं "मीठ दे" म्हणाला तरी गल्लीतल्या लोकांना आग लागल्यासारखं वाटे. त्याच्या आई इंदुबाईही पूर्वी कांड्या भरायच्या कामाला जात, त्यामुळे त्यांचाही आवाज तसाच. प्रमिला माहेरून मऊ बोलायची सवय घेऊन आली होती. वर्षभरात ती सवय मोडली. नाहीतर तिला त्या घरात कुणी जेवायलासुद्धा वाढलं नसतं.

ती स्वतः घरी साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करी. एकदा गठ्ठ्यात एक अजब छपाई आली. पदरावर निळ्या लाटा आणि लाटांच्या कडेला एक उंच, गोल, पट्ट्यापट्ट्यांचा मनोरा. इंदुबाई म्हणाल्या, साखर कारखान्याचं धुराडं आहे. धुडकू म्हणाला, वाढदिवसाची मेणबत्ती. शेवटी गठ्ठा न्यायला आलेल्या माणसाने सांगितलं की ती दिवादांडी, समुद्रातल्या जहाजांना वाट दाखवणारा दिवा. प्रमिलाला ते फारच आवडलं. कुणीतरी रोज संध्याकाळी एवढं उंच चढून अनोळखी लोकांसाठी दिवा लावतं! इथे शेजारीण जिन्यातला बल्ब लावत नव्हती.

त्यामुळे दिवाळीला कारखाने बंद झाले आणि "यंदा गावी नाही, समुद्राच्या कडेकडेने फिरायचं" असं धुडकूने जाहीर केलं, तेव्हा प्रमिलाने एकच अट घातली.

"मला खरी दिवादांडी दाखवा. आत चढून."

"मंजूर!" धुडकू असा गरजला की समोरच्या घरातून "काय झालं?" म्हणून विचारणा आली.

गाडी तयारच होती. सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी धुडकूने भंगारातून एक जुनी मेटाडोर उचलली होती. कापडाचे ताके वाहायला म्हणून घेतली, पण तिच्या पोटात आता त्याने फळ्यांचा पलंग ठोकला, स्टो तारेने बांधला आणि एक बेसिन बसवलं. बेसिनचं पाणी बाहेर जाण्याऐवजी ड्रायव्हरच्या पायाशी येई, हे नंतर कळलं. टपावर एक भोंगा होता आणि आत एक टेपरेकॉर्डर. त्यात अडकलेली कॅसेट निघत नव्हती आणि वाजतही नव्हती. धुडकूने दोन्ही तसेच राहू दिले. ऐपतदार दिसतं, म्हणाला.

रंगकाम प्रमिलाच्या भावाने, वाल्मिकने केलं. तो पाट्या रंगवायचा. गाडीच्या दोन्ही बाजूंना उलटा लाल त्रिकोण होता आणि त्याखाली गुजराती अक्षरं. धुडकूच्या घरात गुजराती बोलता सगळ्यांना येई, वाचता कुणालाच येत नव्हतं. वाल्मिकला येत होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता काही सांगायचा त्याचा स्वभाव नव्हता. डाव्या बाजूच्या त्रिकोणाचा त्याने आधी डोंगर करायला घेतला. पण त्रिकोण उलटा, त्यामुळे डोंगर पडल्यासारखा दिसू लागला. मग त्याने वर दोन गुलाबी गोळे काढले आणि आईस्क्रीमचा कोन करून टाकला. तेवढ्यात ऑइलपेंट संपला. उजवी बाजू त्याने भिंतीच्या उरलेल्या पिवळ्या डिस्टेंपरने झाकली.

"पाणी लागलं तर?" प्रमिलाने विचारलं होतं.

"दिवाळीत कुठला पाऊस, ताई?" वाल्मिक म्हणाला.

भाऊबीज झाल्यावर चौघं निघाले. इंदुबाईंनी बाजरीचं पीठ, भरताची वांगी, शेंगदाण्याची चटणी, ओव्याची पुरचुंडी आणि एक उखळी घेतली. उखळी कशाला, असं कुणी विचारलं नाही, कारण त्यांनी सांगितलं असतं.

उधना गेलं, सचिन गेलं, नवसारी आलं. वाल्मिक खिडकीतून मान काढून प्रत्येकाला विचारत होता, "दिवादांडी क्यां आवी?" आणि प्रत्येक जण हसून, मोठ्या अगत्याने हात दाखवत होता. अगत्याने दाखवलेल्या त्या रस्त्याने ते थेट दांडीला पोहोचले. मीठ उचललं ती दांडी. लोकांना 'दिवा' ऐकूच गेला नव्हता.

धुडकूने दोनदा किनाऱ्यावर इकडून तिकडे गाडी फिरवली. "दांडी आहे, दिवा कुठं आहे?"

"आता आलोच आहोत तर नमस्कार करा," प्रमिला म्हणाली. सगळ्यांनी मनोभावे नमस्कार केला. मग एका फुगेवाल्याने सांगितलं की इंग्रजांच्या वेळची खरी दिवादांडी आणखी पुढे, ओखरपोरला आहे. मधे एक खाडी लागते, ओहोटी असली की गाडी जाते.

ओहोटी होती, पण पुरती झालेली नव्हती. मेटाडोर पाण्यात शिरली. उजवीकडून पाण्याचे सपकारे बसले, बेसिनमधून खाडीचं पाणी वर आलं, धुडकूच्या पायाशी एक छोटा खेकडा फिरू लागला. इंदुबाई डोळे मिटून सप्तशृंगीला हाका मारत होत्या. त्यांचा आवाज असा की देवी खरोखर दचकली असणार. शेवटी गाडी पलीकडे निघाली. खाली उतरून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. खेकडा बाहेर काढण्यातच सगळे गुंतले होते.

ओखरपोर म्हणजे वाळूत विखुरलेली घरं, मागे सरूचं बन आणि टोकाला ती. प्रमिलाने मान वर करून बघितलं. पांढरी, काळ्या पट्ट्यांची, वर काचेची खोली. पदरावरच्या चित्रापेक्षा जाडजूड आणि किंचित कललेली, जेवून उठलेल्या माणसासारखी.

गाडी गावात शिरली तशी डावीकडून पोरांचा लोंढा आला. "आइसक्रीम! आइसक्रीम!" उजवीकडे काय चाललंय ते प्रमिलाने खिडकीतून पाहिलं आणि ती चक्रावली. जाळं विणत बसलेला म्हातारा उठला आणि जाळ्यासकट पळाला. पानाच्या टपरीवरचे चार जण टपरी उघडी टाकून सरूच्या बनात घुसले. एक जण दाढी करून घेत होता. तो अर्ध्या गालावर फेस घेऊन गेला आणि त्याच्या मागोमाग न्हावीही गेला.

"आमची गाडी बघून पळतायत काय?" प्रमिला म्हणाली.

"दबदबा असतो मोठ्या गाडीचा," धुडकू म्हणाला.

गावात आता फक्त बाया आणि पोरं उरली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक वयस्कर बाई पुढे आली आणि इंदुबाईंकडे बघून अदबीने म्हणाली, "डॉक्टरबेन तमे?"

इंदुबाईंना नीट ऐकू गेलं नाही. पण विचारण्यात मान आहे एवढं कळलं. गल्लीत पोटदुखीवर ओवा आणि मुरगळलेल्या पायावर हळद त्याच देत. त्यांनी मान ताठ केली. "हां. मीच."

दिवादांडीच्या पायथ्याशी एक बैठं घर होतं. तिथला राखणदार मगन ओट्यावर चहा पीत होता. त्याने गाडी पाहिली, कप खाली ठेवला, दांडीच्या दारातून आत झेपावला आणि आतून अडसर घातला. दगडी मनोऱ्यात त्याची पावलं धडधड वर गेलेली बाहेर ऐकू आली. थोड्या वेळाने वरच्या गॅलरीत त्याचं डोकं दिसलं.

"नथी आववानो!" तो ओरडला. "हुं नीचे नथी आववानो!"

धुडकूने तोंडाभोवती हात धरले. एरवी एवढ्या उंचीवर माणसाचा आवाज पोहोचला नसता. धुडकूचा पोहोचला.

"भाई, हम देखने आये है!"

"शुं जोवानुं छे? कशुं जोवानुं नथी!" बघायचं काही नाही, म्हणत मगनने गॅलरीचा कठडा घट्ट धरला.

"अरे, इतने दूर से आये है! दो मिनट का काम है!"

वरून काहीतरी किंकाळीसारखं आलं.

इंदुबाई गुडघा चोळत होत्या. "इचार रे त्याले, चढताना दुखी का?"

"माँ पूछती है, दुखेगा क्या?" धुडकूने प्रामाणिकपणे वर कळवलं.

मगनचं डोकं गॅलरीतून नाहीसं झालं.

घरातून मगनची बायको सुमनबेन बाहेर आली. कडेवर एक, बोटाला एक, मागे पदराला धरून आणखी. ती हसून हसून दारालाच टेकली. "बेसो, बेन, बेसो," ती प्रमिलाला म्हणाली. "राहू दे त्याला वर. लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा माझा चहा गरम आहे." तिने मगनचा कप उचलला आणि निवांत पिऊ लागली.

तिकडे धुडकूला युक्ती सुचली होती. टपावर भोंगा आहे, त्यातून नीट समजावून सांगू. तो गाडीत शिरला, तारा जोडल्या, एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, तिसरं ठोकलं. खाडीच्या पाण्याने टेपरेकॉर्डरला काय केलं कोण जाणे, अडकलेली कॅसेट एकदम जिवंत झाली. भोंग्यातून एका गोड बाईचा आवाज साऱ्या ओखरपोरवर पसरला.

"भाईओ अने बहेनो! गभराशो नहीं! नानुं कुटुंब, सुखी कुटुंब! पुरुषोनुं ऑपरेशन साव ज सहेलुं छे. आजे ज आपना गामनी गाडीमां..."

सरूच्या बनातून काटक्या मोडल्याचा आवाज आला. बनातले पुरुष आणखी आत सरकले होते.

प्रमिला थबकली. मग ती गाडीच्या उजव्या बाजूला गेली. पिवळं डिस्टेंपर धुऊन गेलं होतं. उलटा लाल त्रिकोण लखलखत होता, त्यात आई, बाप आणि दोन मुलं हसत होती.

"वाल्मिक!" ती ओरडली. त्या दिवशी तिचा आवाज नवऱ्याच्याही वर गेला. "हे काय आहे?"

"कुटुंबनियोजनाची गाडी आहे ना, ताई," वाल्मिक शांतपणे म्हणाला. "होती. लिलावातली."

"तुला ठाऊक होतं?"

"लिहिलंच आहे की."

गाडीत धुडकू टेपरेकॉर्डरला थपडा मारत होता आणि प्रत्येक थपडेला बाई अधिकच गोड बोलत होती. शेवटी त्याने वायरच उपटली. प्रमिलाने सगळं सांगितलं तेव्हा तो पलंगावर बसला आणि डोक्याला हात लावला. "म्हणजे मी त्याला विचारलं... दुखेल का म्हणून... देवा!"

"आता तुम्ही बोलू नका," प्रमिला म्हणाली. ती दांडीखाली जाऊन उभी राहिली आणि पदर खोचला.

"मगनभाई! अमे डॉक्टर नथी! साड्यांचे धागे कापणारी बाई आहे मी! गाडी भंगारची आहे!"

वरून आवाज आला, "जूठुं! पहेला बधा एवुं ज कहे!"

आधी सगळे असंच म्हणतात, म्हणे. आता काय पुरावा द्यायचा? प्रमिलाने इकडेतिकडे बघितलं, आणि तिची नजर ओट्यावर बसलेल्या सासूवर गेली. तिने इंदुबाईंना दंडाला धरून उठवलं आणि मैदानात आणून उभं केलं.

"मगनभाई, ही माझी सासू! हिला नऊ पोरं! आम्ही कुणाला शहाणपण शिकवणार? सांगा ना, आत्याबाई, सांगा त्यांना!"

मुलांची नावं सांगायला इंदुबाईंना कधीच आग्रह लागत नसे. त्यांनी कमरेवर हात ठेवले, मान वर केली आणि मागाच्या खडखडाटावर मात करणाऱ्या आवाजात सुरू केलं.

"पहिला गणपत! मंग योगराज! मंग उषा! मंग हाऊ धुडकू, हाऊ पायाळू शे! मंग रंजना..."

गॅलरीत डोकं पुन्हा दिसलं. मगन ऐकत होता. नऊ नावं पुरी झाली तसा तो कठड्यावरून अर्धा बाहेर वाकला. त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती आणि तिथे वेगळंच काहीतरी आलं होतं. माणसाला बरोबरीचं कुणी भेटलं की येतं तसं.

"मारे आठ!" तो ओरडला. "ठाकोर!"

घरामागून एक पोरगा धावत आला. "हां, बापा!"

"कोकिला!"

कोकिला आली.

"धनसुख! चंपक! मंजू!"

प्रत्येक नावासरशी कुठून ना कुठून एक मूल उगवत होतं. होडीखालून, पिंपातून, कोंबड्यांच्या खुराड्यातून. एका नावाला कुणीच आलं नाही, तर मगन वरून काळजीत पडला. मग सुमनबेनने कडेवरच्याला उंच धरलं. "आ रह्यो!"

"आठ!" मगन म्हणाला.

"नऊ!" इंदुबाई म्हणाल्या.

"नवमो आवशे!"

"नहीं आवे!" खालून सुमनबेन अशी कडाडली की मगन दोन पावलं मागे सरला. मग ती प्रमिलाकडे वळून हळूच म्हणाली, "खरंच तुमच्या गाडीत काही व्यवस्था नाही ना?"

शेवटी अडसर सरकल्याचा आवाज झाला आणि मगन बाहेर आला. त्याची अवस्था बघवत नव्हती. इतका वेळ गॅलरीच्या कोपऱ्यात उकिडवं बसून त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. पाय फाकवून, तोंड वाकडं करत, एकेक पाऊल जपून टाकत तो ओट्यापर्यंत आला आणि कण्हत टेकला. इंदुबाईंनी लगेच त्याच्या पोटऱ्या चोळायला घेतल्या.

सरूच्या बनातून पुरुषांनी हे सगळं पाहिलं.

"झालं मगनचं," न्हावी म्हणाला असावा, कारण त्यानंतर बनात बराच वेळ कुणी हललं नाही.

ऊन उतरत आलं होतं. मगन म्हणाला, दिवा लावायची वेळ झाली, चला वर. इंदुबाई खालीच राहिल्या. त्यांच्याभोवती बायांची रांग लागली होती आणि प्रत्येकीला डॉक्टरबेनकडून काहीतरी हवं होतं. कुणाचं पोट, कुणाची पाठ, कुणाची सून. इंदुबाईंनी उखळी मागवली आणि ओवा कुटायला बसल्या. वाल्मिक कोनाभोवती जमलेल्या पोरांना समजावत होता की हे आईस्क्रीम फक्त बघायचं आहे.

आतला जिना गोल गोल वर जात होता. लोखंडी पायऱ्या, मधे गार दगडाचा वास. दारावर इंग्रजी आकडे कोरलेले होते, ते खाऱ्या वाऱ्याने झिजून गेले होते. मगन पुढे, प्रमिला मधे, धुडकू मागे. अर्ध्या वाटेवर धुडकू काहीतरी बोलला आणि त्याचा आवाज मनोऱ्यात असा घुमला की तो स्वतःच घाबरला आणि गप्प झाला.

वर काचेच्या खोलीत पितळेच्या चौकटीतलं मोठं भिंग होतं, माणसाएवढं. मगनने ते आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसलं. मग त्याने प्रमिलाला एक कळ दाखवली.

"बेन, तमे करो."

"मी?"

"करो ने."

प्रमिलाने कळ दाबली. आधी काहीच झालं नाही, मग भिंगाच्या पोटात एक पिवळा ठिपका उमटला, वाढला आणि सगळी काच उजळून निघाली. ती गॅलरीत आली. खाली समुद्र पसरला होता, एवढा की त्याला दुसरी बाजूच नव्हती. दूर एक जहाज होतं, बहुतेक हजीऱ्याच्या बंदराकडे निघालेलं. त्यावरच्या कुणीतरी आत्ता हा दिवा बघितला असेल. गोडादऱ्याच्या प्रमिलाने लावलेला.

माग नव्हते, गल्ली नव्हती. नुसता वारा. धुडकू तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

प्रमिलाने चमकून त्याच्याकडे बघितलं. तो हळू बोलला होता. इतक्या वर्षांत तिने त्याचा असा आवाज ऐकलाच नव्हता. बरा होता आवाज. थोडा घोगरा, पण बरा.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"काहीही."

धुडकूने विचार केला. "मोरीचं तुझं बरोबर होतं," तो हळूच म्हणाला.

ती इतकी हसली की मगन आतून बघायला आला.

खाली उतरल्यावर वांग्याचं भरीत झालं, भाकरी झाल्या. मगनची आठ पोरं आणि ओवा घेऊन गेलेल्या निम्म्या बाया जेवल्या. भरती यायच्या आत खाडी ओलांडायची म्हणून सगळे घाईने गाडीत बसले. धुडकूने गाडी सुरू केली. मागची चाकं वाळूत फिरली आणि गाडी जागच्या जागी खाली बसली.

धक्का मारायला माणसं हवीत, आणि माणसं सगळी बनात. मगन लंगडत पुढे झाला. "आवो रे!" त्याने हाक दिली. "काही नाही! मी बघा, ठणठणीत आहे!"

बनातून कुणी आलं नाही. मगनचा शब्द आता खरा कसा धरायचा?

मग प्रमिला खिडकीतून वाकली आणि बनाकडे तोंड करून म्हणाली, "गाडी निघाली नाही, तर आम्ही इथंच मुक्काम करू!"

सरूच्या झाडांमधून आधी न्हावी आला, मग अर्धी दाढी झालेला माणूस, मग पानाच्या टपरीवरचे चौघे, आणि जाळं खांद्यावर टाकलेला म्हातारासुद्धा. सगळ्यांनी खांदे लावले. जुनी मेटाडोर वाळूतून अशी उसळून निघाली की धुडकूला पहिला गियर टाकायलाही वेळ मिळाला नाही. गाडी खाडीच्या तोंडाशी पोहोचली तरी ते मागून पळत ढकलतच होते.

"काय प्रेमळ माणसं!" इंदुबाई मागच्या काचेतून हात हलवत म्हणाल्या. "सोडवत नही शे त्यास्ले."